घरीच असते

रंजिता काय काम करते हे वर्ध्याजवळच्या आंजी गावात तिच्या घराबाहेर कोणालाच नीट सांगता आलं नसतं. ती पुस्तकं वाचायची. माइकसमोर, मोठ्यानं. ते वाचन पुण्या-मुंबईच्या कंपन्या आपापल्या ॲपवर लोकांना ऐकवायच्या. आधी नागपूरला जाहिरातींच्या एका स्टुडिओत तिची नोकरी होती. कोरोनात तो स्टुडिओ बंद पडला, तेव्हा ती आई-वडिलांकडे परत आली आणि मागच्या खोलीत तिनं हे काम सुरू केलं. खिडकीला गादी लावली, भिंतींवर आईच्या गोधड्या टांगल्या, दारावर जाड ब्लँकेट सोडलं. माइक सुरू असला की पंखा बंद ठेवावा लागे. वर्ध्याकडचा उन्हाळा ज्यानं काढला आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

गावाला मात्र एकच दिसायचं. मनोहररावांची पोरगी सकाळच्या बसनं कुठं जात नाही, संध्याकाळच्या बसनं कुठून येत नाही. म्हणजे ती घरीच असते. मग शेजारणी सिलिंडर घेऊन ठेवायला सांगत, कोणी आधारचा फोटो मोबाइलवर चढवून मागे, कोणी दवाखान्यात जाताना लेकरू तिच्यापाशी सोडून जाई. "तुले काय, तू तं घरीच असते," असं म्हणत, आणि त्यात वाईट हेतू कोणाचाच नसे. सुरुवातीला रंजितानं समजावून पाहिलं. नंतर तेही सोडून दिलं.

तिच्या कामाला काम म्हणणारा घरात एकच माणूस होता, तिचे वडील. मनोहरराव नाल्याकाठच्या शेतात भाजीपाला काढत आणि स्वतः वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकत. माणूस मोठ्या आवाजाचा. अंगणातून बोलले तर चौकात ऐकू जाई. पण मागच्या खोलीचं दार बंद दिसलं की ते चपला हातात घेऊन अंगण ओलांडत. कोणी हाक मारत आलं तर हात वर करून थांबवत. "हळू बोल लेका. पोरगी काम करून राह्यली."

त्यांनी एकदाही विचारलं नाही, की यात तुला मिळतं काय. विचारायचे ते एवढंच, "आज किती पानं झाली?"

फेब्रुवारीत रंजिताकडे मोठं काम आलं. लहान मुलांच्या गोष्टींची एक मालिका होती. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत ती ॲपवर यायची होती आणि सगळ्या गोष्टी एकट्या तिच्या आवाजात असणार होत्या. आजवर तिच्याकडे तुकड्यातुकड्यांची कामं यायची. या मालिकेवर पहिल्यांदाच तिचं नाव येणार होतं. कंपनीतर्फे काम बघणारा नयन नावाचा मुलगा फोनवर म्हणाला होता, "मॅम, हे चाललं ना, तर तुम्ही आमच्या कायमच्या."

ते काम सुरू होऊन काही दिवस झाले होते. एका सकाळी वर्ध्याच्या बाजारात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मनोहररावांची जीभ जड झाली. वांग्यांचा भाव सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच काही बाहेर पडलं. मग हातातला तराजू सुटला. शेजारी रूपराव बसले होते. गावातले, वयानं बरोबरीचे, रोज एकाच मेटाडोरनं माल आणणारे. त्यांनी लक्षण ओळखलं. दुकान तसंच टाकून त्यांनी मनोहररावांना ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

लकवा होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढला जाऊ लागला, आणि बोलणं पूर्ण बंद झालं. डॉक्टर म्हणाले, "समजतं त्यांना सगळं. शब्द सापडत नाहीत."

पुण्याहून मोठा भाऊ नीरज दुसऱ्या दिवशी पोचला. त्याच्या कंपनीनं रजा दिली होती. साहेबाचा रोज फोन यायचा, घाई करू नकोस, घरचं बघ म्हणून सांगायला. बरोबरीचे लोक त्याचं काम वाटून घेत होते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तो त्यांच्याशी बोलायचा तेव्हा रंजिताला बरं वाटायचं. भावाच्या मागे माणसं आहेत, हे कळायचं. तिच्या मागे कोणी नव्हतं, हेही त्याच वेळी कळायचं.

कागद करताना काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "पेशंटजवळ कोण राहणार? काय करता तुम्ही?"

रंजिता बोलायच्या आत नीरजनं उत्तर दिलं. "बहीण राहील. ती घरीच असते."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पिशवीत जुने रिपोर्ट शोधत होता. आपण काही बोललो हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

त्याच दुपारी नयनचा फोन आला. रंजिता जिन्यात गेली. वरून स्ट्रेचर उतरत होतं, खाली कोणी बाई रडत होती. तिनं एक कान दाबून धरला आणि हसऱ्या आवाजात बोलली. "हो हो, चालू आहे. कोल्ह्याची गोष्ट जरा परत करते, आवाज अजून खोडकर हवा होता. पाठवते ना."

वडील वॉर्डात आहेत, हे तिनं सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिला डेंगू झाला होता, तेव्हा एका कंपनीला तिनं खरं ते सांगितलं होतं. "काळजी घ्या हं," असा गोड निरोप आला होता. त्यानंतर त्या कंपनीचा निरोप कधी आलाच नाही. तिथल्या कोणी तिचं वाईट केलं नव्हतं. तिच्या जागी दुसरी कोणी आली आणि तिला विसरले, एवढंच. तेव्हापासून रंजिता फोनवर कायम बरी असायची. खोकला झाला तरी बरी, घरातलं कोणी वारलं तरी बरी.

मनोहरराव घरी आले. नीरजची रजा संपली. निघताना त्यानं आईला औषधं समजावली, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "तू इथं आहेस म्हणून मले चिंता नाई, रंजू. मी तिकडे अडकलो. तुह्यं बरं आहे, तुले सुट्टी मागायची गरज नाई."

"हो," ती म्हणाली. बस सुटायची वेळ झाली होती.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी आईला, म्हणजे कुंताबाईंना, आणि रंजिताला समोर बसवून नीट सांगितलं होतं. यांना बोलतं ठेवा. चुकीचा शब्द निघाला तरी निघू द्या. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. नुसता आवाज काढला तरी चालेल, पण गप्प बसू देऊ नका. पहिल्या काही महिन्यांत जे परत येत नाही, ते पुढे येणं फार कठीण.

रंजितानं मन लावून ऐकलं. घरी आल्यावर तिनं तसंच सुरू केलं. सकाळी बाबांसमोर वाटी, चमचा, टमाटर, सांभाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी ठेवून ती एकेक नाव घ्यायची. मनोहरराव तोंड उघडत, कपाळाला आठ्या घालत, आणि "बा... बा... बा..." असं काहीतरी निघे. कुंताबाई पदरानं त्यांचं तोंड पुसत. "निंघन, निंघन," त्या म्हणत. "घाई काय हाय?"

सकाळ अशी जायची. दुपारी गाव शेतात गेलेलं असे, रस्ता थंड पडलेला असे. रेकॉर्डिंगला तेवढाच वेळ चांगला. पण नेमकं दुपारीच मनोहररावांना बोलायचं असे. जेवण झालेलं, औषध पोटात गेलेलं, अंगात जरा तरतरी आलेली. ओसरीवरच्या खाटेवर बसून ते जोर लावत. पूर्वीचा तो मोठा आवाज तसाच होता, फक्त त्यात शब्द नव्हते. गोधड्या, गादी, ब्लँकेट, सगळ्यांतून तो आत यायचा.

पहिल्या दिवशी रंजिता थांबली. दुसऱ्या दिवशीही थांबली. फायली मागे पडू लागल्या. नयनचे निरोप येऊ लागले. पहिले गोड होते, मग नुसतं प्रश्नचिन्ह येऊ लागलं.

मार्चमधली एक दुपार होती. पंखा बंद करून ती हत्तीच्या पिलाची गोष्ट वाचत होती. मोठी गोष्ट होती आणि एका दमात वाचायची होती, कारण मध्ये तोडलं की आवाजाचा पोत बदलतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. घाम डोळ्यांत उतरत होता. दोनदा ती शेवटापर्यंत आली होती, दोन्ही वेळा बाहेरून आवाज आला होता. तिसऱ्यांदा पिलू आईला भेटतं तिथवर ती पोचली, आणि ओसरीवरून आला, "बाऽऽ! बाऽऽर! बाऽऽ!"

रंजितानं ब्लँकेट बाजूला फेकलं आणि ती बाहेर आली.

"बाबा, चूप बसा ना! थोडा वेळ तरी चूप बसा! माह्यं काम जाईन हातचं!"

मनोहररावांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी डावा हात उचलला आणि आपल्या तोंडावर ठेवला. मान हलवली. हो, हो, अशी. चूक झाल्यासारखी.

ती आत गेली आणि गोष्ट पूर्ण केली. नयनचा निरोप आला, "फारच सुंदर, मॅम. शेवट ऐकून डोळ्यांत पाणी आलं."

त्यानंतर दुपारी आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. रंजिताला आधी बरं वाटलं. फायली भराभर होऊ लागल्या. मागे राहिलेलं सगळं तिनं भरून काढलं. सकाळच्या सरावालाही बाबा आताशा तोंड उघडत नसत. वाटी दाखवली की वाटीकडे बघत, चमचा दाखवला की चमच्याकडे. थकले असतील, असं ती मनाशी म्हणे आणि जुडी, वाटी, चमचा उचलून ठेवी. सराव लवकर संपला की तिलाही खोलीत लवकर जाता येई. हे ती स्वतःशी कबूल करत नव्हती.

महिन्याअखेर तपासणी होती. मॅडमनी मनोहररावांसमोर चित्रं धरली, गाण्याची ओळ म्हणून पाहिली, नाव विचारलं. ते नुसते बघत राहिले. ओठसुद्धा हलवले नाहीत.

मॅडमनी चित्रं खाली ठेवली. "मागच्या वेळी तर आवाज काढत होते चांगला. घरी बोलायचा प्रयत्न करतात का?"

रंजिता म्हणाली, "थकतात बहुतेक. रोज बसवते मी सरावाला."

कुंताबाई मुलीकडे न बघता बोलल्या. त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. घरातली एखादी साधी गोष्ट सांगावी तसं त्या बोलल्या. "थकत नाई मॅडम, ते चूप राह्यते. हिचं काम असते ना. त्याईले वाटते आपल्या आवाजानं पोरीचं नुकसान होईन. मी बोलली तरी मलेच बोट दाखवते, चूप म्हणून. परवा बकरी ओरडली तं तिच्यावर काठी उगारली."

रंजिताला हे माहीत नव्हतं. ती त्या वेळी दाराआड असायची, कानांवर हेडफोन लावून.

मॅडम तिला रागावल्या नाहीत. "तुमचं काम मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण हे दिवस परत येत नाहीत हो."

बसमध्ये मनोहरराव खिडकीशी बसले होते. रस्त्याकडेची शेतं बघत होते. पलीकडच्या सीटवर कोणाचं तरी तान्हं बाळ रडायला लागलं, तशी त्यांनी सवयीनं रंजिताकडे पाहिलं आणि डावं बोट ओठांवर नेलं. तिनं ते बोट धरून खाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नयनला फोन केला आणि सगळं सांगितलं. वडिलांचा आजार, घर, आवाज. "मला एक महिना जास्त द्या," ती म्हणाली. "किंवा इथं जवळपास कुठं स्टुडिओ मिळतो का बघते. पण घरी आता मी त्यांना गप्प बसवू शकत नाही."

नयन मनापासून हळहळला. "मॅम, आधी का नाही सांगितलं?" असं म्हणाला. त्याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण तिनं दिलं नाही. मी वर बोलून बघतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. सुट्ट्यांची तारीख हलत नव्हती. उरलेल्या गोष्टी दुसऱ्या कलाकाराला देत होते. "आणि मॅम, मालिका एकाच आवाजात हवी. त्यामुळे तुमच्या झालेल्या गोष्टीपण त्या नव्या मॅमच पुन्हा वाचतील. तुमचे पैसे मिळतील, त्याची काळजी नको. पुढं काही असलं तर नक्की कळवू."

"हत्तीची पण?" रंजितानं विचारलं.

"सॉरी मॅम."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खाटेच्या कडेला बसून होती. रागवावं तर कोणावर? नयन भला होता. कंपनीची तारीख खरी होती. नोकरी गेली असती तर कोणाच्या तरी दारात जाऊन भांडता आलं असतं, चार बरोबरीचे जवळ येऊन बसले असते. इथं काही घडलंच नाही, असं सगळं होतं. अंगणात आई भांडी घासत होती. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. तिचं काम गेलं होतं आणि घरातलं एक भांडंसुद्धा हललं नव्हतं.

तिनं नीरजला फोन लावला. ऐकून तो म्हणाला, "अरे रे. पण एका अर्थी बरंच झालं म्हणा. आता बाबासाठी वेळच वेळ आहे तुले."

रंजिता म्हणाली, "दादा, उद्या तुही नोकरी गेली आणि मी म्हटलं, बरं झालं, आता वेळच वेळ आहे... तं तुले कसं वाटन?"

"तसं नाई म्हटलं मी."

"तसंच म्हटलं तू. दवाखान्यातही तेच म्हटलं. घरीच असते. मी घरी असते दादा, पण मी रिकामी नसते."

पलीकडे नीरजला कोणीतरी हाक मारली आणि "करतो थोड्या वेळानं" म्हणून त्यानं फोन ठेवला. त्या दिवशी त्याचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून रंजिता दुपारी ओसरीवर बसू लागली. "बाबा, आता बोला. कितीही मोठ्यानं बोला. काम नाई माह्यं." मनोहरराव मान हलवत. नाही. ती समजावे, हात जोडे. एकदा ती रडली, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं तिचे डोळे पुसले, पण तोंड उघडलं नाही. पोरीचं काम गेलं हे त्यांना कळलं होतं, आणि ते आपल्याच आवाजानं गेलं असं त्यांनी मनात धरलं होतं. हे कुंताबाईंनी ओळखलं. रंजितालाही मग ते दिसू लागलं, आणि त्यावर काय करावं हे दोघींना सुचेना.

मार्ग काढला तो रूपरावांनी. मनोहररावांचं शेत आता तेच बघत होते, माल तेच नेत होते. एका संध्याकाळी ते येऊन बसले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरी बसून कोणाले बोलन थो? सारी जिंदगी बजारात गेली त्याची. उद्या माह्यासंग पाठव त्याले. तूही चाल."

कुंताबाई नाही म्हणत होत्या. ऊन आहे, गर्दी आहे, लोक बघतील. रूपराव म्हणाले, "पाहू दे ना वहिनी. लोकं पाह्यलेच येते बजारात."

पहाटेच्या मेटाडोरमध्ये मनोहररावांना पुढं बसवून नेलं. बाजारात त्यांच्या नेहमीच्या जागी पोतं अंथरलं, पाठीला क्रेट लावलं. ओळखीचे लोक येऊन खांद्यावर हात ठेवून जात होते. कोणी हळहळत होतं, तर कोणी जुनी चेष्टा करत होतं. मनोहरराव सगळ्यांकडे बघत होते. रंजिता तोलून देत होती. तिला सवय नव्हती, ती चुकत होती, रूपराव दुरुस्त करत होते. दोन-तीन दिवस असेच गेले. तोंडातून आवाज नाही. पण घरी आल्यावर ते पोटभर जेवत आणि पडल्या पडल्या झोपत, हे कुंताबाईंनी बघितलं आणि त्यांनी विरोध सोडला.

चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट. एक बाई टमाटर निवडत होती. एकेक उचलून अंगठ्यानं दाबायची आणि परत टाकायची. रंजिता तिला काही म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ए! दा... दाबू नको!"

बाई दचकली. रंजिताच्या हातातलं माप खाली पडलं. मनोहरराव लाल झाले होते. डावा हात वर होता. "दाबू नको!" ते पुन्हा म्हणाले, स्वच्छ, अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं.

"असे काऊन बोलता हो?" बाई फणकारली. "पाहू पण नाई काय?"

रूपराव हसत हसत उठले. "बाई, तुम्ही आणखी दाबा. सारे दाबा. पैसे नका देऊ."

बाईला त्यातलं काही कळलं नाही. ती पुटपुटत पुढच्या दुकानाकडे गेली. मनोहरराव स्वतःच चकित होऊन बसले होते, आपल्याच तोंडाला हात लावून बघत होते. रंजितानं तो हात हळूच बाजूला केला. तिला रडू आलं, आणि भरबाजारात रडायची लाज वाटेनाशी झाली.

शब्द काही भडाभडा आले नाहीत. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, रागाचे आणि सवयीचे शब्द अगोदर येतात, बाकीचे वाट बघायला लावतात. "हट" आलं, "चाय" आलं, "बाप्पा" आलं. टमाटर बघून ते कधी वांगं म्हणत आणि कळलं की कपाळावर हात मारत. मधले दिवस हातातून गेले होते, ते गेलेच. ते गेले नसते तर किती आलं असतं, हे मॅडमना रंजितानं एकदा विचारलं. "ते कोणी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. तिला ते उत्तर अजून पुरलेलं नाही.

पोळ्याला नीरज आला. या वेळी लॅपटॉप घेऊन आला होता, दहा-बारा दिवस घरूनच काम करणार होता. मागची खोली त्यानं घेतली. पहिल्याच दिवशी दुपारी त्याची मीटिंग सुरू असताना ओसरीवर मनोहरराव आणि रूपराव यांचं बोलणं रंगलं. एकाला शब्द सापडत नव्हते, दुसऱ्याला कानानं कमी ऐकू येत होतं, त्यामुळे दोघंही ओरडत होते. नीरजनं एकदा दार लावलं, एकदा त्यावरचं ब्लँकेट सोडलं. शेवटी घामानं भिजून बाहेर आला आणि रंजिताजवळ पायरीवर बसला.

"तू कसं जमवत होती इथं?" त्यानं विचारलं.

"कुठं जमवत होती?" रंजिता म्हणाली. "बाबाले चूप बसवत होती."

ओसरीवर मनोहरराव कुठल्याशा शब्दासाठी हवेत बोट फिरवत होते. त्यांच्याकडे बघत नीरज म्हणाला, "दर महिन्याले आठ दिवस मी येत जाईन. तेवढे दिवस तू नागपूरले जाय, स्टुडिओ भाड्यानं घे, काय करायचं थे कर. मी साहेबाशी बोलतो."

त्यानं शब्द पाळला. प्रत्येक महिन्यात नाही, पण बहुतेक महिन्यांत पाळला.

ती मालिका उन्हाळ्यात येऊन गेली होती. रंजितानं ती ऐकली नाही. नवं काम शोधताना तिनं एक बदल केला. पहिल्याच बोलण्यात ती सांगू लागली, घरी वडील बोलायला शिकत आहेत, त्यामुळे तारीख थोडी सैल लागेल आणि मध्ये थांबावं लागलं तर थांबेन. हे ऐकून दोन ठिकाणचे फोन गोड आवाजात बंद झाले. तिसऱ्या ठिकाणी एक वयस्क बाई होत्या, शेतीच्या माहितीचे पाठ रेकॉर्ड करून घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आठवड्यानं चालेल का? की पंधरा दिवस हवे?" काम लहान होतं. त्यानंतर दुसरं मिळेल की नाही हे माहीत नव्हतं, आणि आजही नसतं. काही महिने नुसते कोरडे जातात. त्या महिन्यांत ती रूपरावांबरोबर बाजारात बसते. आता तोलायला चुकत नाही.

थंडीच्या दिवसांतली एक दुपार. रंजिता मागच्या खोलीत हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा पाठ वाचत होती. निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज चढले. वरणात मीठ नव्हतं की जास्त होतं, त्यावरून दोघांचं जुंपलं होतं. मनोहरराव "मी... मी..." करत अडकले होते आणि कुंताबाई "मी काय? मी काय? सांगा ना पुरं!" म्हणून त्यांना हटून विचारत होत्या.

रंजितानं रेकॉर्डिंग थांबवलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"मी... मीठ! मीठ नाई!" मनोहरराव ओरडले.

"हाय मीठ! तुमच्या जिभेले कळत नाई!"

"नाई! नाई मीठ! तू... तू चाख!"

भांड्याचा आवाज झाला. मग कुंताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "अवो, खरंच नाई टाकलं."

रंजिता तशीच बसून राहिली. भांडण आणखी थोडं चाललं, पाण्यावर आलं, मग उन्हात वाळत घातलेल्या तुरीवर आलं. ते पुरतं निवल्यावर तिनं घाटेअळीचा पाठ पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केला.